दहा भागांची मर्यादा : आयात रायफल, अमेरिकी कायदा आणि सुट्या भागांचा हिशेब

१/ अमेरिकेत एकच रायफल सकाळी कायद्यात बसते आणि दुपारी कायद्याबाहेर जाऊ शकते. तिची नळी, चाप, दस्ता यांना कोणी हात लावलेला नसतो. बदललेले असते केवळ मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरण्याची पेटी. अमेरिकेत बनलेली पेटी काढून त्याच मापाची परदेशी पेटी लावली, की रायफलीतील परदेशी भागांची बेरीज दहाच्या पुढे जाते आणि नियमाचा भंग होतो. ही बेरीज कुठून आली, तिच्यामागे कोणती दुर्घटना होती आणि तिने नेमके काय साधले, याचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/ प्रारंभ २२ नोव्हेंबर १९६३ या दिवसापासून करावा लागतो. डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली ती इटालियन सैन्यातून निवृत्त झालेल्या कार्कानो बनावटीच्या रायफलीने. शिकागोच्या एका दुकानाच्या जाहिरातीतून, खोट्या नावाने, टपालाने ती मागवण्यात आली होती. दुर्बिणीसह तिची किंमत होती १९.९५ डॉलर. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील सैन्यांनी मोडीत काढलेल्या अशा लाखो रायफली अमेरिकेच्या बाजारात मातीमोल दराने विकल्या जात होत्या.

३/ या आयातीविरुद्ध संसदेत आघाडीवर होते कनेक्टिकट राज्याचे सेनेटर थॉमस डॉड. त्यांच्या भूमिकेकडे पाहताना त्यांच्या राज्याचा नकाशाही पाहावा लागतो. कोल्टचा कारखाना कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला, विंचेस्टरचा न्यू हेवनला आणि स्मिथ अँड वेसनचा शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डला. स्वस्त परदेशी मालाने या कारखान्यांचे गिऱ्हाईक पळवले होते. सार्वजनिक सुरक्षितता आणि देशी उद्योगाचे हित हे दोन प्रवाह या कायद्याच्या उगमापाशीच एकमेकांत मिसळले आणि पुढे कधी पूर्णपणे वेगळे झाले नाहीत.

४/ १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. त्या धक्क्यातून २२ ऑक्टोबर १९६८ रोजी ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’वर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली. टपालाने होणारी आंतरराज्य शस्त्रविक्री या कायद्याने बंद केली. परदेशी शस्त्रांसाठी त्याने एक निराळीच कसोटी घातली : शस्त्र ‘क्रीडाविषयक उपयोगास’ योग्य असेल, तरच ते देशात येईल. शिकार आणि नेमबाजी यांना वाट मोकळी राहिली; बाकीच्या शस्त्रांना बंदरावरच थांबावे लागले.

५/ मात्र ‘क्रीडाविषयक उपयोग’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्याने दिली नाही. ते काम प्रशासनावर सोपवले गेले. परदेशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर यांच्यासाठी अधिकाऱ्यांनी चक्क गुणपत्रिका तयार केली. लांबी, वजन, नेम धरण्याची सोय, सुरक्षेची कळ अशा प्रत्येक वैशिष्ट्याला गुण. पिस्तुलाला उत्तीर्ण होण्यासाठी ७५, रिव्हॉल्व्हरला ४५. शाळेच्या परीक्षेप्रमाणे इथेही काय शिकायचे यापेक्षा गुण कसे मिळवायचे हा प्रश्न लवकरच मोठा झाला.

६/ पहिला बुद्धिमान विद्यार्थी ठरला जर्मन वॉल्थर कंपनीचा. जेम्स बाँडच्या चित्रपटांमुळे जगभर ओळखले जाणारे ‘पीपीके’ हे पिस्तूल उंचीत चार इंचांच्या किमान मर्यादेला किंचित कमी पडले. कंपनीने तोडगा काढला : ‘पीपी’ या थोरल्या भावंडाचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर ‘पीपीके’ची नळी व वरचा सरकता भाग चढवायचा. ‘पीपीके/एस’ हे नवे पिस्तूल उंच झाले, वजनदार झाले आणि परीक्षेत उत्तीर्ण झाले. सांगाडा मोठा झाल्यामुळे त्यात जुन्यापेक्षा एक काडतूस अधिक मावू लागले, हे विशेष.

७/ कायद्याने माप ठरवले की कारागीर त्या मापाला बगल देणारी वस्तू घडवतो, हा अनुभव भारतालाही जुना आहे. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा व्यास ०.४५० इंच होता. त्याच व्यासाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने भारतात व सुदानमध्ये ०.४५० व्यासाच्या खाजगी रायफलींवर बंदी घातली. लंडनच्या शस्त्रकारांनी वाघ-हत्तीच्या शिकारीसाठी लगोलग ०.४६५, ०.४७० आणि ०.४७५ अशी नवी काडतुसे बाजारात आणली. त्यांपैकी ०.४७० आजही आफ्रिकेत वापरात आहे.

८/ स्वतंत्र भारतातही तोच धागा दिसतो. लष्करी वापरातले ०.३०३ हे काडतूस सामान्य परवानाधारकाला निषिद्ध. म्हणून सरकारी आयुध निर्माणीची नागरी रायफल ०.३१५ या निराळ्या मापात मिळते. दोन्ही मापांतील फरक बारा सहस्रांश इंचांचा. या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील पुढची कथा फारशी परकी वाटणार नाही. फरक इतकाच की भारतात मोजला गेला तो नळीचा व्यास, आणि अमेरिकेत पुढे मोजले गेले ते रायफलीच्या एकेका तुकड्याचे जन्मस्थान.

९/ १९८० च्या दशकात अमेरिकेतील आयातीचे चित्र पालटले. चीनच्या सरकारी कारखान्यांतून कलाश्निकोव्हच्या अर्धस्वयंचलित आवृत्त्या येऊ लागल्या. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. चाप दाबून धरल्यास सलग गोळीबार करणाऱ्या मशिनगनवर १९३४ पासून कडक निर्बंध होते आणि १९८६ मध्ये नागरिकांसाठी नव्या मशिनगनची दारे बंदच झाली. अर्धस्वयंचलित रायफल मात्र सामान्य दुकानात मिळत होती.

१०/ १७ जानेवारी १९८९. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन शहर. क्लीव्हलँड प्राथमिक शाळेची मधली सुट्टी चालू होती. एका इसमाने मैदानाच्या कडेला उभे राहून चिनी बनावटीच्या कलाश्निकोव्हमधून काही मिनिटांत शंभरहून अधिक गोळ्या झाडल्या आणि शेवटी स्वतःला संपवले. पाच मुले मृत्युमुखी पडली. तीसहून अधिक जण जखमी झाले. मृत मुले सहा ते नऊ वर्षांची होती. रायफल ओरेगन राज्यातील दुकानातून रीतसर विकत घेतलेली होती.

११/ मृत पाचही मुले आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासित कुटुंबांतली होती; चौघे कंबोडियन, एक व्हिएतनामी. ज्या युद्धांपासून जीव वाचवून त्यांचे आईवडील महासागर ओलांडून आले, त्या युद्धांची ओळखच कलाश्निकोव्ह होती. तेच हत्यार त्यांच्या मुलांच्या शाळेच्या आवारात अवतरले. पुढील परिच्छेदांत मोजणी, कलमे आणि सुटे भाग यांची भाषा येईल. ती वाचताना हे मैदान नजरेआड होता कामा नये. कारण सगळा कायदा त्या मैदानासाठी केला जात होता.

१२/ प्रतिसाद जलद मिळाला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) बंदुकधारकांचे मित्र मानले जात. तरीही १४ मार्च १९८९ रोजी त्यांच्या प्रशासनाने काही रायफलींची आयात स्थगित केली. मद्य, तंबाखू व शस्त्रे यांवर देखरेख करणाऱ्या ‘एटीएफ’ या केंद्रीय विभागाने अभ्यासगट नेमला आणि जुलैमध्ये ४३ प्रकारांच्या रायफलींवर कायमची आयातबंदी आली. अलाबामातील गन साउथ या आयातदार कंपनीने स्थगितीला न्यायालयात आव्हान दिले. कनिष्ठ न्यायालयात ती जिंकली, परंतु अपील न्यायालयाने सरकारचा अधिकार मान्य केला.

१३/ अभ्यासगटाने लष्करी रायफलीची लक्षणे सांगितली : काढघाल करता येणारे मॅगझिन, घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी वेगळी मूठ, संगीन अडकवण्याची खोबण, नळीच्या तोंडाची ज्वाला झाकणारे उपकरण, दुपायी टेकू, हातबाँब फेकण्याची सोय, रात्री नेम धरण्याची सोय. बंदी आलेल्यांत चिनी कलाश्निकोव्हसोबत इस्रायलची गलील, ऑस्ट्रियाची स्टायर ऑग आणि बेल्जियमची एफएएल होती. भारतीय लष्कराने अनेक दशके वापरलेली सेल्फ-लोडिंग रायफल ही या एफएएलचीच भारतीय बहीण.

१४/ इथे एक प्रश्न अनुत्तरित राहिला. बंदी होती आयातीवर. अमेरिकेतच तयार होणाऱ्या एआर-१५ सारख्या रायफलीत यांतील बहुतेक लक्षणे होती, पण १९६८ च्या कायद्यातील ‘क्रीडाविषयक उपयोगा’ची कसोटी तिला लागूच नव्हती, तिला बंदर ओलांडायचे नव्हते. कोल्टने तेव्हा नागरी एआर-१५ ची विक्री स्वतःहून थांबवली, हा जनमताचा परिणाम. कायद्याची सक्ती नव्हती. गोळी कोणत्या देशात बनलेल्या नळीतून सुटली, याने जखमेत फरक पडत नाही. कायद्यात मात्र तोच फरक निर्णायक ठरला.

१५/ दुसरी फट याहून व्यावहारिक होती. अखंड रायफल आणायला मनाई. पण तिचे सुटे भाग? रायफल परदेशात खोलायची, खोक्यात भरून भाग आणायचे आणि अमेरिकेत पुन्हा जोडायचे. बंदी पुढच्या दाराला. मागचे दार उघडे. हे दार बंद करण्यासाठी संसदेने १९९० च्या गुन्हेनियंत्रण कायद्यात एक छोटे कलम घातले. शस्त्रकायद्याच्या ९२२ व्या कलमाचे ‘आर’ हे उपकलम ते हेच. जी अर्धस्वयंचलित रायफल वा शॉटगन आयात करता येत नाही, तिच्यासारखीच वस्तू परदेशी भागांतून जोडणे त्याने गुन्हा ठरवले.

१६/ पण ‘परदेशी भागांतून’ म्हणजे किती भागांतून? एक परदेशी स्क्रू असला तरी गुन्हा? की सगळेच भाग परदेशी असले तर? उत्तर आले १९९३ च्या नियमात. एटीएफने वीस भागांची यादी केली आणि रेषा आखली : त्या यादीतील परदेशी भाग दहापेक्षा अधिक नसावेत. स्क्रू, स्प्रिंगा, खिळे, नेमाच्या खुणा यादीबाहेर. धोकादायक काय, या नैतिक प्रश्नाचे रूपांतर अशा रीतीने बेरजेत झाले.

१७/ ती यादी अशी. सांगाड्याच्या गटात : रिसीव्हर, नळी, नळीची जोडणी, नळी धरून ठेवणारा ठोकळा, नळीच्या तोंडाचे उपकरण. हालचालीच्या गटात : बोल्ट, बोल्टचा वाहक, चालकदांडा, गॅसचा पिस्टन. चापाच्या गटात : चापाची पेटी, चाप, घोडा, सिअर, डिस्कनेक्टर. हाताळणीच्या गटात : दस्ता, पिस्तुली मूठ, पुढची पकड. मॅगझिनच्या गटात : त्याची पेटी, काडतुसे वर ढकलणारी पट्टी आणि तळाचे झाकण. एकूण वीस.

१८/ प्रत्येक रायफलीत हे वीसही भाग नसतात. नळीच्या तोंडाला उपकरण असलेल्या नेहमीच्या अर्धस्वयंचलित कलाश्निकोव्हमध्ये यांपैकी सोळा भरतात. नळीची वेगळी जोडणी, सुटा चालकदांडा, चापाची पेटी आणि सिअर तिच्यात मोजले जात नाहीत. सोळातून दहा वजा केले की उरतात सहा. म्हणजे निदान सहा भाग अमेरिकी असले की उरलेली रायफल रुमानिया, बल्गेरिया वा हंगेरीची असली तरी नियमाची हरकत नाही. तोंडाचे उपकरण काढून साधे टोक ठेवले, तर पाच पुरेत.

१९/ आता खरा प्रश्न : कोणते सहा? नळी, बोल्ट, रिसीव्हर हे भाग बदलणे खर्चिक आणि कुशल कारागिराचे काम. म्हणून निवड झाली ती सोप्या भागांची. चाप, घोडा आणि डिस्कनेक्टर हा एकत्र मिळणारा संच म्हणजे तीन भाग. दस्ता, मूठ आणि पुढची पकड म्हणजे आणखी तीन. हिशेब जुळला. जॉर्जिया राज्यातील टॅप्को या कंपनीचा ‘जी२’ नावाचा चापसंच याच गणितामुळे घरोघरी पोहोचला. उत्तम चाप म्हणून तो लोकांना आवडलाही, पण त्याच्या विक्रीचे मूळ नियमातील आकड्यात होते.

२०/ या निवडीकडे बारकाईने पाहिले की विसंगती स्पष्ट होते. गोळीचा वेग ठरवणारी नळी, काडतुसाचा स्फोट झेलणारा बोल्ट, पुढचे काडतूस चढवणारा पिस्टन हे सगळे परदेशीच राहिले. बदलले ते मुख्यतः हाताला लागणारे लाकूड आणि प्लास्टिक. सहा भाग बदलण्यापूर्वीची रायफल आणि बदलल्यानंतरची रायफल एकाच वेगाने, एकाच अंतरावर, तितक्याच गोळ्या झाडते. बदलते ती तिच्या भागांची वंशावळ.

२१/ मॅगझिनची गोष्ट याहून चमत्कारिक. पेटी, ढकलपट्टी आणि तळ असे त्याचे तीन भाग यादीत आहेत. अमेरिकी मॅगझिन वापरले की एका झटक्यात तीन भाग पदरी पडतात आणि रायफलीत तीनच भाग बदलून भागते. पण मग ती रायफल त्या मॅगझिनशी बांधली जाते. जुने पूर्व युरोपीय पोलादी मॅगझिन त्यात अडकवले, की तीन अमेरिकी भाग वजा आणि तीन परदेशी भाग अधिक. मोजणी थेट तेरावर. म्हणून जाणकार मालक मॅगझिनला हिशेबातच धरत नसत आणि सहाही भाग रायफलीतच बदलून मोकळे होत.

२२/ बाजारानेही आपली वाट काढली. चीनच्या नोरिन्को कंपनीने ‘मॅक-९०’ ही रायफल पाठवली. तिच्यात वेगळी मूठ नव्हती. दस्त्यालाच अंगठा घालण्यापुरते भोक होते. संगीनीची खोबण गेली, नळीच्या टोकाचे आटे गेले. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखनेही ‘एसआर ९’ मध्ये असाच भोकाचा दस्ता बसवला. मूठ आहे, पण मूठ म्हणता येत नाही, असा हा प्रकार. १९९४ मध्ये क्लिंटन प्रशासनाने चिनी शस्त्रांची आयातच रोखली. त्यामागे सुरक्षिततेइतकेच व्यापार आणि मानवी हक्क यांचे राजकारण होते.

२३/ त्याच वर्षी संसदेने देशी कारखान्यांनाही लागू होणारी बंदी आणली. ती दहा वर्षांची होती आणि तीही लक्षणे मोजूनच ठरवलेली. पुढे १९९८ मध्ये एटीएफने आयातीची कसोटी आणखी कडक केली : लष्करी, अधिक क्षमतेचे मॅगझिन स्वीकारणारी रायफल क्रीडायोग्य नाही. भोकाचे दस्ते निरुपयोगी ठरले. यावर रुमानियातून अरुंद तोंडाच्या ‘वासर-१०’ रायफली आल्या. त्यांत केवळ एकेरी रांगेचे छोटे मॅगझिन बसे. २००४ मध्ये देशी बंदीची मुदत संपल्यावर व्हरमाँट राज्यातील आयातदार ते तोंड कापून रुंद करीत, सहा अमेरिकी भाग बसवीत आणि रायफल विक्रीस ठेवीत.

२४/ रशियाच्या इझेव्स्क शहरातून आलेली ‘सायगा’ याच काळातली. आत कलाश्निकोव्हची यंत्रणा, बाहेरून शिकारी रायफलीचे रूप : चाप मागे सरकवलेला, दस्ता एकसंध. अशा रूपात ती आयातयोग्य होती आणि मालकाने काही न बदलल्यास भाग मोजण्याची गरजही नव्हती. पण हौशी मालक चाप पुढे आणत, पिस्तुली मूठ लावत. त्या क्षणी ती ‘आयात न करता येणाऱ्या’ रायफलीसारखी होई आणि दहाची मर्यादा लागू पडे. जुलै २०१४ मध्ये युक्रेनच्या प्रश्नावरून कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध आले आणि हा ओघ आटला.

२५/ शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपच्या कोठारांत पडून असलेल्या रायफलीही भागांच्या रूपाने आल्या. त्यांचा रिसीव्हर गॅसच्या ज्योतीने कापून नष्ट केलेला असे. कारण अमेरिकी कायद्यात तोच भाग म्हणजे ‘शस्त्र’. बाकीचे भाग नव्या अमेरिकी रिसीव्हरवर जोडले जात. २००५ मध्ये एटीएफने अशा संचांतील नळ्यांची आयात थांबवली. परिणाम ओळखीचाच : अमेरिकेत कलाश्निकोव्हच्या नळ्या तयार होऊ लागल्या. ज्या रायफलीला देशाबाहेर ठेवायचे होते, ती एकेका भागाने देशी होत गेली. आयातबंदीच्या आडोशाला तिचा स्वतंत्र स्वदेशी उद्योग उभा राहिला.

२६/ या कलमाची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. ते ‘जोडण्या’ला गुन्हा म्हणते, नुसते बाळगण्याचा उल्लेख त्यात नाही. सरकारला विकण्यासाठी परवानाधारक उत्पादकाने केलेली जोडणी आणि अधिकृत चाचणीसाठीची जोडणी यांना सूट आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची. पण चापावर वा मुठीवर देशाचे नाव कोरलेले असतेच असे नाही. म्हणून सावध मालक भागांच्या पावत्या जपून ठेवतो. रायफलीची कायदेशीरता अशी धातूपेक्षा कागदावर अधिक अवलंबून राहू लागली.

२७/ २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात सांगितले की शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्काचा गाभा स्वसंरक्षण हा आहे. आयातीचा कायदा मात्र आजही विचारतो ते खेळाबद्दल. हक्काचा आधार एक, परवानगीची कसोटी दुसरी. कायद्याचे टीकाकार याला अर्थशून्य आकडेमोड म्हणतात. समर्थकांचे म्हणणे असे की १९८० च्या दशकातला स्वस्त लष्करी रायफलींचा लोंढा याच कायद्याने अडवला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. लोंढा अडला, रायफल अडली नाही.

२८/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक उपयुक्त सूत्र मिळते. मनुष्यहानीचे भय मोजता येत नाही, म्हणून कायदा मोजता येईल असे काहीतरी शोधतो : उंची, व्यास, मूठ, भागांची संख्या. मोजणे सुरू झाले की सगळ्यांचे लक्ष मापाकडे वळते. अधिकारी माप तपासतात, कारखानदार माप भरून देतात, ग्राहक मापापुरती खरेदी करतो. कायदा पाळला जातो आणि त्याचा हेतू बाजूला राहतो. यात कोणी अप्रामाणिक असावेच लागत नाही.

२९/ म्हणून कोणताही नियम अभ्यासताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : तो कशासाठी केला गेला, आणि तो प्रत्यक्षात काय मोजतो? स्टॉकटनच्या मैदानावर प्रश्न होता तो असा, की एका माणसाच्या हाती इतक्या कमी वेळात इतक्या गोळ्या झाडण्याची शक्ती असावी का. चार वर्षांनी नियमाच्या पानावर तो प्रश्न उरला असा, की त्या रायफलीतील किती भाग परदेशी आहेत. पहिल्या प्रश्नावर अमेरिका आजही भांडते आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र केव्हाच ठरले आहे : दहा.

(थ्रेड समाप्त)